मापापुरता माणूस

"पैसे किती पडतील?" सुनेने आधीच विचारून ठेवलं.

"एक छदामही नाही, ताई. सरकारी अहवाल आहे, कुणीही उघडून बघावा." ग्रंथपालांनी संगणकासमोरची खुर्ची पुढे सरकवली. "बघत मात्र कुणी नाही."

धरण फुटायच्या सहा वर्षं आधीचा अहवाल होता. दोनशे बारा पानं, आणि भाषा अशी की अर्धीअधिक डोक्यावरून जावी. सून एकेक पान वर सरकवत होती. शेजारी सासूबाई पिशवी छातीशी धरून बसल्या होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण घरी थांबायलाही त्या तयार नव्हत्या. त्यांचा मुलगा त्या धरणावर पहारेकरी होता. पाण्याने सगळ्यात आधी त्यालाच नेलं. तेव्हापासून दोन वर्षं लोकांच्या तोंडी एकच होतं: पहारेकऱ्याचा डोळा लागला, म्हणून गाव बुडालं. दुकानात या दोघी शिरल्या की बोलणारे गप्प होत.

"भिंतीला मोठा तडा गेला आहे. दुरुस्ती तातडीने व्हावी," सुनेने हळूच वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

पुढचं पान आलं आणि तिचा हात होता तिथेच राहिला.

तो समोर उभा होता. अंगात खाकी शर्ट, कोपरावर तिनेच लावलेलं ठिगळ. मागची भिंत वरपासून खालपर्यंत तडकलेली, आणि त्याचा पंजा त्या तड्यात मनगटापर्यंत गेलेला. तोंड अर्धवट उघडं. फोटो काढणाऱ्याला काहीतरी सांगत असावा.

"अगं बाई," सासूबाई पुटपुटल्या. "बोलतोय गं तो."

खोलीत पंख्याखेरीज कशाचाच आवाज नव्हता. तरी दोघी कान देऊन बसल्या.

बऱ्याच वेळाने सासूबाईंनी फोटोखालच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय? त्याचं नाव ना?"

सुनेने मनातल्या मनात वाचलं. 'तड्याच्या आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी एक माणूस उभा केला आहे.'

"हो, आई," ती म्हणाली. "पूर्ण नाव आहे. वडिलांच्या नावासकट."

सासूबाईंनी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश बोट फिरवलं.

"केवढं लिहिलंय गं त्याच्याबद्दल," त्या म्हणाल्या.