पाणमांजराचं पिल्लू

दातांच्या दवाखान्यातल्या सिस्टरला कुणी न पाहिलेले सिनेमे शोधून पाहायचं वेड होतं. पेशंटच्या तोंडात कापूस असला, की तिला ऐकणारं माणूस आयतंच मिळायचं.

"ताई, भुताचा सिनेमा सांगू की कार्टूनचा?" तिने खुर्चीतल्या बाईंना विचारलं. "भुताचाही भारी आहे. बंद लिफ्टमधून नुसता खोकल्याचा आवाज येतो, तरी मी आठवडाभर जिन्याने चढत होते! पण आधी पाणमांजराचं कार्टून बघा. चार माणसांनीसुद्धा पाहिलं नसेल. पुरात पिल्लू वाहून जातं आणि आई काठाकाठाने हाका मारत सुटते. त्या हाका ऐकून मी सिनेमा मध्येच थांबवून आधी माझ्या आईला फोन लावला."

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"दुखतंय का?" सिस्टर गडबडली. बाईंनी नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी हात थांबवून आणखी इंजेक्शन देऊ का म्हणून विचारलं. पुन्हा नकार. दोघांनाही काही कळेना.

कापूस निघाल्या निघाल्या बाईंनी बधिर ओठांनी विचारलं, "पिल्लू सापडतं का?"

"छे, शेवट नाही सांगणार! तुम्ही बघाच."

"सांगा हो, सिस्टर. त्या हाका माझ्याच आहेत. अख्खा दिवस डबिंगच्या खोलीत उभं राहून मारल्या होत्या. पुढे सिनेमा बंद पडला असंच कानावर आलं. शेवट मला कुणी सांगितलाच नाही."

सिस्टर हातातला ट्रे ठेवून त्यांच्याजवळ आली.

"सापडतं, ताई," ती हळूच म्हणाली. "तुमची हाक ऐकूनच येतं ते."