पाहुण्यांची मच्छरदाणी

सरकारने मच्छरदाणी दिली गरोदर सुनेसाठी, पण चार महिने ती सासूच्या पेटीतच होती. मध्ये सून हिवतापाने फणफणली, तरी मच्छरदाणी बाहेर निघाली नाही. सांगून सांगून गावच्या आशासेविका सुगंधाचं तोंड दुखलं. सासूचं उत्तर ठरलेलं, "आल्यागेल्याला एखादी चांगली वस्तू घरात नको का?"

आज मच्छरदाण्यांच्या तपासणीचे साहेब आले. कोंबडीचा रस्सा ओरपून त्यांचे डोळे मिटू लागले, तशी सासूने लगबगीने मच्छरदाणी काढून बाजेवर बांधली. साहेब आत घोरत होते, सून ओसरीवर हातापायावरचे डास मारत होती आणि शेजारी सुगंधा नुसती धुमसत होती.

उठल्यावर साहेबांनी लिहिलं, 'वापर समाधानकारक.' निघताना सुनेला म्हणाले, "पोरी, मच्छरदाणीतच झोपत जा. काय झोप लागते!"

सुनेने मान डोलावली, तोवर आत पेटीची कडी लागलीसुद्धा.