शार्कवाले मामा

"मामा, आज कितने फुट का था शार्क?" टपरीवरच्या पोरांतल्या शेखरनं विचारलं आणि सगळे खिदळले.

बीरगांवात धर्मपालला आता नावानं कोणी हाक मारत नसे. रेल्वेच्या वॅगन कारखान्यात जन्मभर इमानानं नोकरी केली, कोणाचा खिळासुद्धा घरी आणला नाही, आणि म्हातारपणी नाव काय पडलं, तर 'शार्कवाले मामा'. म्हणजे थापाड्या. एका सहलीत ओडिशाच्या किनाऱ्यावर वाळूत उभं राहून त्यानं शार्कचं पिल्लू गळाला लावलं होतं आणि बारकं म्हणून सोडून दिलं होतं. असं तो सांगे. अंगठ्यावरचा वण दाखवे. लोक म्हणत, वण कारखान्यातला आहे. आणि त्या दिवशी सोबत असलेला जिवाभावाचा दोस्त गंगाधर भजं मोडत म्हणे, "मी तं तिथंच होतो भाऊ. मले काई दिसलं नाई."

हल्ली नात रुचिताही हसायची. ते मात्र धर्मपालच्या जिव्हारी लागे.

"चाल गंगाधर," आज तो ताडकन उठला. "अजून एकडाव जाऊ. तुह्या डोयासमोर पकडतो."

घरी कलावतीनं, त्याच्या बायकोनं, कपाळावर हात मारून घेतला. "लोकायच्या तोंडाले लागून समुद्रात जाता काय या वयात?"

"हव, जातो!"

गंगाधरही निघाला. फुकटची सहल कोण सोडतो?

किनाऱ्यावर दोघांनी बांगड्याचे तुकडे लावून गळ फेकले. दुपार कलली तरी धर्मपालची काठी जागची हलली नाही. वाकली ती गंगाधरची. गंगाधर गुडघाभर पाण्यात ओढला गेला, धर्मपाल धावला, आणि दोघांनी मिळून वाळूवर आणलं एक हातभर लांबीचं, करडं, तडफडणारं शार्कचं पिल्लू. धर्मपाल गळ काढायला वाकला.

"अंगठा सांभाळ बे, मागच्यासारखं चावन ते!" गंगाधर ओरडला.

धर्मपालचा हात क्षणभर थांबला. मग त्यानं सावकाश गळ सोडवला.

गंगाधरनं पिल्लू दोन्ही हातांनी उचलून धरलं. "फोटो काढ, फोटो!"

धर्मपालनं मोबाइल समोर धरला.

"काढला?"

"हव."

पिल्लू पाण्यात सोडलं, तेव्हा गंगाधरचे डोळे भरून आले होते.

परतल्यावर टपरीवर गंगाधरनं हात फाकवून सगळी हकीकत सांगितली. मग शेखर म्हणाला, "एक शार्कवाले मामा कम थे क्या?" आणि हसण्याचा एकच कल्ला उठला.

गंगाधर लालबुंद झाला. "अरे, फोटो हाये! धर्मपाल, दाखव यायले!"

धर्मपालनं मोबाइल पुढे केला. शेखर बोट फिरवत गेला. समुद्र, वाळू, पुन्हा समुद्र.

"धर्मपाल, सांग ना बे! तू तं होता तिथं!"

धर्मपालनं भजं मोडलं.

"हव, मी तं तिथंच होतो भाऊ," तो म्हणाला. "मले काई दिसलं नाई."