काचेवरचा करडा थर

मल्लिनाथनं संशोधन सोडत असल्याचं पत्र खिशात घातलं आणि प्रयोगशाळेतली पुस्तकं खोक्यात भरायला घेतली. पाच वाजेपर्यंत ते विद्यापीठाच्या कार्यालयात द्यायचं होतं. त्याला वाईट वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं.

चार वर्षं तो वीजवाहक काचपट्टीवर अर्धवाहकाचा थर चढवत होता. पाण्यात नव्हे, आयनिक द्रवात; म्हणजे पाण्याचा थेंबही नसलेल्या, पातळ राहणाऱ्या क्षारात. द्रव शंभर अंशांपर्यंत तापवायचा, वीज सोडायची. काचेवर करडा थर धरायचा. पट्टी काढून धुतली, की त्याचे पोपडे सुटायचे. दरवेळी.

काल त्याचे मार्गदर्शक पंचाक्षरी सरांनी मुदतवाढ मिळणार नाही असं सांगितलं. मल्लिनाथनं चालू प्रयोगाची वीज आणि शेगडी, दोन्ही बंद केली आणि तो घरी गेला. पट्टी द्रवातच राहिली. आज सकाळी ती धुऊन, नीट न बघताच त्यानं टेबलावर ठेवली.

खोकी न्यायला वडील आले होते. गुरुलिंगअप्पा चादरींच्या कारखान्यात सूत रंगवायचे. ‘चार वर्षं झाली, अजून काचच रंगवतोयस व्हय?’ असं ते एकदा जेवताना हसत म्हणाले होते. त्यानंतर मल्लिनाथनं घरी कामाचा विषय काढला नव्हता.

अप्पांनी ती पट्टी उचलली. नळाखाली अंगठा ओला केला आणि कारखान्यातल्या सवयीनं थरावर जोरात घासला. मल्लिनाथनं अडवलं नाही. थर सुटणारच होता.

अप्पांनी अंगठा खिडकीच्या उजेडात धरला. अंगठा कोरा होता.

“पक्का हाय की.”

मल्लिनाथनं थरावर चिकटपट्टी दाबली आणि ओढली. थर जागेवरच राहिला. तो काचपट्टीकडे बघत बसला. यात नवं काहीच नव्हतं, तोच द्रव, तीच वीज, असं काहीतरी तो पुटपुटला.

एरवी कसं धुतोस, एक खोकं उचलत अप्पांनी विचारलं. काढल्या काढल्या, गार अ‍ॅसिटोनमध्ये, तो म्हणाला. ही एवढीच रात्रभर द्रवात राहिली होती.

अप्पांनी उचललेलं खोकं हळूच परत टेबलावर ठेवलं. उकळत्या रंगातलं सूत तसंच गार पाण्यात घालत नाहीत, रंगातच निवू देतात, हे त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं. मग नखांतला निळा रंग बघत राहिले.

“घरी एकदा विचारायचं की, मल्लू.”