वायरचं दुसरं टोक

बँडमास्तरांच्या थोरल्या भावाचे हात थरथरू लागले, तरी त्यांनी त्याला बँडमधून काढलं नाही. दोघेही कीबोर्ड वाजवायचे. कीबोर्ड लॅपटॉपला जोडला तरच बोलायचा, एरवी मुका. मास्तरांनी भावाच्या कीबोर्डची वायर गुपचूप मोबाइलच्या चार्जरमध्ये खोचली. दिवे लागायचे, वाजायचं मात्र लॅपटॉपमधलं रेकॉर्डिंग.

टाळ्या पडल्या की भाऊ विचारायचा, “बोटं कशी पळाली रे आज?”

“दादा, तोड नाही तुला!” म्हणत मास्तर लॅपटॉप सांभाळणाऱ्या लेकीला डोळा मारायचे.

आज कार्यक्रम संपल्यावर लेक म्हणाली, “बाबा, तोड नाही तुम्हाला!” मास्तर इतके खुशीत आले, की एरवी लेकच गुंडाळायची ती आपल्या कीबोर्डची वायर त्यांनी स्वतःच गुंडाळायला घेतली. गुंडाळत गुंडाळत टेबलाखाली वाकले.



तीही चार्जरमध्येच खोचलेली होती.