पिंपातली आरोळी

वॉसच्या खोऱ्यात नाताळच्या बिअरमध्ये खमीर सोडताना पिंपावर वाकून जोरात आरोळी ठोकतात. आरोळी जेवढी मोठी, तेवढी बिअर चढते. टोरगायरचा आवाज मात्र लग्नानंतरच्या एकतीस वर्षांत कुणी चढलेला ऐकला नव्हता. तो पिंपावर वाकला, खाकरल्यासारखं केलं आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी पिंपात फेसाचा टिपूस नव्हता. तिसऱ्या दिवशीही नाही. आणि शनिवारी सगळे शेजारी चव घ्यायला येणार होते.

"ओतून टाक डुकरांना," त्याची बायको गुनवोर म्हणाली.

"थांबू या," टोरगायर म्हणाला आणि पिंपाशेजारी बसून मोजा रफू करू लागला.

"थांबू या?" गुनवोरने झाकण भिरकावलं आणि ती पिंपावर ओणवी झाली. "छप्पर गळतंय, तर थांबू या! मला मागणी घालायला सात वर्षं, तेव्हाही थांबू या! आता गावाला काय भांड्यांचं धुवण पाजू?"

कुत्रा उठून बाहेर गेला.

सकाळी फेस पिंपाबाहेर आला होता.

शनिवारी दुसऱ्या पेल्यानंतर शेजारच्या क्नूटला बाकावरून उठता येईना. "यंदा आरोळी कुणाची रे?"

"गुनवोरची," टोरगायर म्हणाला. "तीन दिवस फेस नव्हता, मग तिने ठोकली."

"मग पहिल्याच दिवशी तिला सांगायचंस की ओरडायला! तीन दिवस जीव टांगणीला कशाला लावलास?"

टोरगायरने एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"सांगितलं असतं, तर गप्प बसली असती."