न केलेला टाक

दसऱ्याआधी माझ्या वडूजच्या दुकानात टाक उजळायला गर्दी होते. घरातलं माणूस गेलं की चांदीच्या पत्र्यावर त्याची मूर्ती उठवून देव्हाऱ्यात बसवतात, तो टाक.

अंबूमावशींनी सात आणले. आठवा करून घ्या, म्हणून भावकी तीन वर्षं त्यांच्या मागं लागली होती. त्यांचा मुलगा रविराज मेंढरं घेऊन गेला तो परतलाच नाही. "हरवलाय, मेला न्हाई," एवढंच त्या म्हणायच्या.

सातातला एक, ज्याला त्या थोरला बाबा म्हणून पुजायच्या, तो टाकच नव्हता. मी म्हणालो, "मावशी, तुमचा थोरला बाबा परदेशी हाय. रोमच्या राजाचं नाणं हे, दोन हजार वर्षांचं! ह्याचा खून झालता म्हणं, कुणी केला ते कळलंच न्हाई."

"असंना का. आमचा निवद खातोय, तवा आमचाच."

हसत मी रिठ्याच्या पाण्यात नाणं घासलं. काळपटपणा गेला. नाक उमटलं, डोळा उमटला, आणि त्यावर मधोमध फाटलेली भुवई.

रविराजची भुवई लहानपणी एडक्याच्या शिंगानं फाटली होती. अशीच.

मी नाणं लपवायच्या आत मावशींनी ते घेतलं, पदरानं पुसलं. फाटक्या भुवईवरून अंगठा फिरवला.

"मला न इचारता," त्या हळूच म्हणाल्या, "कवा केलास रं ह्याचा टाक?"